गाडीत सबवूफर बसवताना: बॅटरीपासून डिकीपर्यंत

संकेश्वरचे आमचे दाजी कोल्हापूरहून परत येत होते. तवंदी घाटात ताई म्हणाली, "अहो, कसला तर वास येऊलाय बघा." दाजींनी आधी एसी बंद केला, मग काच खाली केली. तोवर डॅशबोर्डच्या खालून धूर यायला लागला. नशीब, डिकीत दहा नंबरचा पाना होता. बॉनेट उघडून त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि धूर थांबला.

पुढच्या रविवारी ती गाडी माझ्या दारात, बेळगावात. नवा बारा इंची सबवूफर (बासचा मोठा स्पीकर, थोडक्यात सब), त्याला ताकद देणारा नवा ॲम्प, फिटिंग होऊन महिना पण झाला नव्हता. मी इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅनल वायरिंगचं काम करतो, गाड्यांचा ऑडिओ ही हौस. कारण शोधायला पाच मिनिटं लागली. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून पॉझिटिव्ह वायर तशीच आत ओढली होती, भोकाच्या कडेला बसवायचं रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट, नाही. पत्र्याच्या धारेने वायरीचं कव्हर कापलं गेलं आणि तांबं बॉडीला टेकलं. फ्यूज होता, पण डिकीत, ॲम्पच्या शेजारी. म्हणजे बॅटरीपासून साडेचार मीटर लांब. शॉर्ट झाला फ्यूजच्या आधी, त्यामुळे फ्यूजला काही कळलंच नाही. स्टार्टर फिरवायला शेकडो अँपिअर देणारी बॅटरी तो सगळा करंट त्या वायरीत ओतत राहिली.

त्या दिवशी सगळं काढून पहिल्यापासून बसवलं. ते कसं, ते इथे लिहितो. पैसे कुठे वाचवायचे असतील तर सबवर वाचवा. वायर, फ्यूज आणि अर्थ (ॲम्पची निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडणारी वायर) यांच्यावर नको.

आधी हिशेब

खोक्यावर '३००० वॅट' छापलेलं असतं. त्याकडे बघू नका. बघायचा तो आरएमएस आकडा, म्हणजे ॲम्प सतत देऊ शकतो तेवढे वॅट. तोही खोटा वाटला तर ॲम्पच्या अंगावरचा फ्यूज बघा, तो सहसा खोटं बोलत नाही. ३० अँपिअरचा एकच फ्यूज असेल तर ३० गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ४१४ वॅट आत जाणार. क्लास डी ॲम्प साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला तर बाहेर जेमतेम ३३० वॅट. मग ३००० कुठून आले? छापखान्यातून.

दाजींचा ॲम्प खरा ५०० वॅट आरएमएसचा होता, २ ओहमवर (ओहम म्हणजे सबच्या आतली तारेची कॉइल विजेला करते तो विरोध). ५०० भागिले ०.८ म्हणजे ६२५ वॅट, त्याला १३.८ ने भागलं की ४५ अँपिअर. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात, म्हणून भागाकार तेवढ्याने. जुन्या पद्धतीचा क्लास एबी ॲम्प असेल तर कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या आसपास धरा. तेवढ्याच आवाजाला तो ६५ अँपिअर मागेल. गाण्यात बास सतत वाजत नाही, त्यामुळे सरासरी करंट यापेक्षा बराच कमी असतो. पण वायर निवडायची ती ढोल पडेल त्या क्षणासाठी.

आता हे ४५ अँपिअर बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर न्यायचे आहेत. प्रत्येक वायर थोडे व्होल्ट खाते, किती ते तिच्या जाडीवर. दहा गेजची तांब्याची वायर (सव्वापाच चौरस मिलिमीटर) या वाटेत पाऊण व्होल्ट खाते. आठ गेजची (८.४ चौरस मिमी) जवळपास अर्धा व्होल्ट. चार गेजची (२१ चौरस मिमी) ०.२ व्होल्टसुद्धा नाही. ५०० वॅटला चार गेज घ्या. ३०० वॅटच्या आतल्या ॲम्पला आठ गेज पुरते. १००० वॅटच्या पुढे जायचं असेल तर शून्य गेज, आणि तेव्हा इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचाही विचार करावा लागतो. छोट्या पेट्रोल हॅचबॅकचा अल्टरनेटर एवढ्या भारासाठी बनवलेलाच नसतो.

वायर तांब्याची का मुलाम्याची?

बाजारात ॲम्प किट म्हणून लाल-काळ्या वायरीचं बंडल मिळतं. त्यातल्या बहुतेक स्वस्त किटमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. अशी वायर शुद्ध तांब्याच्या साधारण ६० ते ६५ टक्केच वीज वाहून नेते. म्हणजे मुलाम्याची आठ गेज ही तांब्याच्या दहा गेजसारखी वागते. शिवाय कित्येकदा कव्हर जाड आणि आतली तार बारीक असते, वरून चार गेज वाटते.

ओळखायचं कसं? तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं चकचकीत निघालं की अ‍ॅल्युमिनियम. तांबं आतपर्यंत लालसरच राहतं. बंडल हातात घेतलं तरी वजन सांगतं. तांब्याचा मुलामा दिलेली वायर आणि टिन केलेली (तांब्यावर कथिलाचा थर दिलेली) वायर यांत मात्र गल्लत करू नका, टिन केलेली वायर वरून पांढरी आणि आतून लाल असते, ती उत्तम.

माझी स्वतःची युक्ती सांगतो. उद्यमबागेत फाउंड्री आणि वर्कशॉपला लागणारी वेल्डिंग केबल मिळते. तांब्याची २५ चौरस मिलिमीटरची केबल म्हणजे चार गेजपेक्षा जाडच. बारीक तारांची असल्याने वळते छान, आणि एचओएफआर कव्हरची घेतली तर उष्णता आणि तेल दोन्ही सोसते. दिसायला काळी असते, कुणाला दाखवून मिरवता येत नाही. पण कार्पेटखाली बघतंय कोण? फक्त विचारून घ्या, कारण वेल्डिंग केबल अ‍ॅल्युमिनियमचीही येते.

टोकांना लग (बोल्टखाली बसणारं धातूचं कडं) बसवायचे ते हायड्रॉलिक क्रिंपिंग टूलने. हातोडीने ठोकून चपटा केलेला लग महिन्यात सैल होतो आणि सैल जोड तापतो. टूल विकत घ्यायची गरज नाही, कुठल्याही पॅनलवाल्याकडे असतं. चार लग दाबायला तो चहापेक्षा जास्त काही घेणार नाही. वरून हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) घाला.

कॉइल आणि ओहम

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. सबला एक कॉइल असेल तर प्रश्नच नाही, प्लस प्लसला, मायनस मायनसला. दोन कॉइलचा सब असेल तर दोन पर्याय. ४ अधिक ४ ओहमच्या सबचे दोन्ही प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र केले, की ते पॅरलल, २ ओहम. एका कॉइलचा मायनस दुसऱ्या कॉइलच्या प्लसला जोडून उरलेली दोन टोकं ॲम्पला नेली, की सिरीज, ८ ओहम. २ अधिक २ च्या सबला हेच १ आणि ४ ओहम होतात. दोन कॉइलपैकी एकच जोडून दुसरी मोकळी सोडू नका.

दाजींचा सब ४ अधिक ४ चा, ॲम्प २ ओहमपर्यंत चालणारा. म्हणून पॅरलल. आधीच्या फिटिंगवाल्याने सिरीज केलं होतं. ५०० वॅटच्या ॲम्पमधून जेमतेम सव्वाशे-दीडशे वॅट निघत होते, आणि आवाज कमी येतो म्हणून ॲम्पवरचा गेन (त्यावर पुढे येतंच) पूर्ण पिळला होता. ॲम्पच्या पुस्तिकेत जो सगळ्यात कमी ओहम दिलाय, त्याच्या खाली कधीही जाऊ नका. १ ओहमचा भार २ ओहमच्या ॲम्पला दिला तर एक तर तो प्रोटेक्टमध्ये जाईल, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडेल, नाही तर जळेल.

जोडून झाल्यावर वायरीच्या ॲम्पकडच्या टोकाला मल्टीमीटर लावून ओहम मोजा. मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, तो छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच येतो. ४ ओहमच्या कॉइलला ३.२ ते ३.६, पॅरललला त्याच्या निम्मा. ७ च्या आसपास आला तर सिरीज झालंय. काहीच नाही आलं तर कुठे तरी टोक सुटलंय.

पेटी

पेटीवर वेगळा लेख होईल, इथे थोडक्यात. बंद पेटी लहान, बनवायला सोपी आणि चुका पोटात घालणारी. पोर्टवाली, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेली, पेटी तेवढ्याच वॅटमध्ये मोठा आवाज देते, पण पोर्टचा हिशेब चुकला तर नुसता घुमतो. पहिल्यांदा बनवत असाल तर बंदच बनवा.

१८ मिलिमीटरच्या प्लायची बाहेरून ४० बाय ४० बाय ३० सेंटिमीटरची पेटी केली, तर आतून ३६.४ बाय ३६.४ बाय २६.४ होते. म्हणजे ३५ लिटर. सबचा मागचा भाग त्यातले दोन-तीन लिटर खातो. उरले ३२ लिटर, साधारण सव्वा घनफुटाच्या आत, बहुतेक बारा इंची सबना बंद पेटीत चालतं. तरी तुमच्या सबच्या कागदावर किती लिटर सांगितलेत ते आधी बघा. सुताराला सांगताना बाहेरचं माप सांगू नका, आतलं सांगा. तो नेहमी बाहेरचंच धरतो.

शहरात एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) वापरतात, मी खानापूर-जांबोटीकडच्या गाड्यांना कधी घालत नाही. तिकडचा पावसाळा, ओल्या चपला, डिकीत ओली पोती. एमडीएफ एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि कोपरे उघडतात. बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या ग्रेडचा प्लाय महाग पडतो पण टिकतो. सांध्यांना लाकडी गोंद आणि स्क्रू, आतून सिलिकॉन. सब बसवताना कडेला फोमची पट्टी लावायची. हवा कुठून निसटतेय का, हे कोनवर हलकेच तळवा दाबून कळतं: सोडल्यावर कोन सावकाश परत आला तर पेटी घट्ट, पटकन आला तर गळतीय.

सीएनजीची गाडी असेल तर डिकीत टाकी असते. तिथे पेटी कोंबायचा हट्ट नको आणि टाकीच्या पट्ट्यांना, नळीला हात नको. त्या गाड्यांना सीटखालचा ॲम्पसकट येणारा सब बरा. वायरही बारीक लागते, कंपनीने दिलेली पुरते.

आता काम

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, आणि शेवटी तीच लावा. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. हात बॅटरीजवळ असताना अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. नव्या गाड्यांत बॅटरी काढल्यावर स्टिरिओ कोड मागू शकतो किंवा काचेची ऑटो सेटिंग जाते, हे मालकाला आधीच सांगून ठेवा.

पहिलं काम फ्यूजचं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज होल्डर. जितका जवळ तितका चांगला, कारण बॅटरी ते फ्यूज हा तुकडा उघडाच राहतो, त्याला कुणी वाचवत नाही. हा फ्यूज ॲम्पसाठी नसून वायरीसाठी असतो. वायर जेवढं सोसते त्याच्या वर फ्यूज जाता कामा नये, आणि ॲम्पला लागतं त्यापेक्षा थोडा जास्त हवा. आमच्या हिशेबात ४५ अँपिअर आले, ॲम्पवरचे दोन फ्यूज तीस-तीसचे, म्हणून ६० अँपिअरचा एएनएल (बोल्टने आवळायचा मोठा) फ्यूज घातला. होल्डर बसवा, पण फ्यूज आत्ता घालू नका. तो सगळ्यात शेवटी.

पत्र्यातून वायर आत न्यायला आधी कंपनीचं ग्रोमेट शोधा. बहुतेक गाड्यांत वायरींचा मुख्य गठ्ठा, म्हणजे हार्नेस, जिथून आत जातो तिथे मोठं रबर असतं, त्यालाच बारीक छेद देऊन वायर नेता येते. नवीन भोक पाडायची वेळ आली तर पलीकडे काय आहे ते आधी बघा. ब्रेकची नळी, एसीचा पाइप, वायरचा गठ्ठा यांपैकी काहीही असू शकतं. भोक झाल्यावर कडा कानसून घ्या, रंग लावा, ग्रोमेट बसवा आणि वायरीवर नालीदार प्लास्टिकची नळी चढवा. दाजींच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. इंजिनाच्या बाजूला वायर एक्झॉस्टपासून लांब आणि फॅनपासून लांब, दर वीतभर अंतरावर केबल टायने बांधलेली.

आत आल्यावर पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्याजवळून वायर नेऊ नका. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी हाताने वर ओढली की क्लिपमधून सुटते, तिच्याखालून वायर मागे जाते. सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा किंवा सीटबेल्ट प्रीटेन्शनरचा. त्याला हात लावायचा नाही, सोडायचा नाही, त्याच्या वायरीला टाय बांधायचा नाही.

पॉवरची वायर ज्या बाजूने नेली, त्याच्या विरुद्ध बाजूने आरसीए (स्टिरिओचा सिग्नल ॲम्पला नेणारी वायर) न्या. बॅटरी डावीकडे असेल तर पॉवर डाव्या उंबऱ्याखालून आणि आरसीए उजव्या. दोन्ही एका बाजूने बांधल्या तर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून 'कुईं' असा आवाज चढत जाण्याची शक्यता वाढते. आरसीए आणि पॉवर एकमेकींना ओलांडायच्या असतील तर काटकोनात ओलांडा.

अर्थ

जेवढा करंट पॉझिटिव्हने मागे जातो, तेवढाच बॉडीतून परत पुढे येतो. पुढची वायर जाड घेतली आणि अर्थ रंगावर स्क्रू मारून लावला, तर जाड वायर फुकट. माझ्याकडे 'ॲम्प गरम होतो', 'आवाज फाटतो', 'लाइट मिणमिणते' म्हणून आलेल्या गाड्यांत निम्म्याहून जास्त वेळा चोर अर्थच्या वायरीतच सापडलाय.

अर्थाची वायर पॉझिटिव्हच्याच जाडीची आणि जमेल तेवढी आखूड, ४५ सेंटिमीटरच्या आत. जागा निवडायची ती गाडीच्या मूळ पत्र्याची. नंतर स्क्रूने लावलेल्या पट्टीची नको. सीटबेल्टचा बोल्ट दिसायला मोह पाडतो, पण तिथे कधीच नाही. तो जीव वाचवणारा बोल्ट आहे, त्याच्याखाली लग घालून त्याची पकड बिघडवू नका. आणि डिकीच्या तळाला भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, स्टेपनीच्या खड्ड्याजवळून नळ्या जातात. स्क्रू मारल्यावर बघून उपयोग नाही.

जागा ठरली की रुपयाएवढा रंग पॉलिश पेपरने पूर्ण काढा, पत्रा चांदीसारखा चमकला पाहिजे. लग, स्टार वॉशर, आठ मिलिमीटरचा बोल्ट, मागून नट. घट्ट झाल्यावर बोल्टभोवती रंग किंवा ग्रीस. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. उघडा पत्रा पहिल्या पावसाळ्यात गंजतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात अर्थ जातो.

काही जण अर्थाची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेतात. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर करंट मोजणारा सेन्सर असतो, विशेषतः सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत. थेट खांबाला जोडलं तर ॲम्पचा करंट त्या सेन्सरला दिसतच नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. बॉडीलाच जोडा.

सिग्नल, रिमोट, स्पीकर वायर

बाहेरचा स्टिरिओ असेल तर मागे आरसीए आणि निळ्या रंगावर पांढऱ्या पट्टीची रिमोट वायर असते. स्टिरिओ चालू झाला की या वायरीत १२ व्होल्ट येतात आणि ॲम्प जागा होतो. कंपनीच्या स्टिरिओला बहुधा यातलं काही नसतं. मग दोन वाटा. ॲम्पला हाय लेव्हल इनपुट असेल तर मागच्या स्पीकरच्या वायरी त्यालाच द्या. नसेल तर स्पीकरच्या वायरीतून आरसीए सिग्नल काढून देणारा लाइन आउटपुट कन्व्हर्टर घ्या. हल्लीचे बरेच ॲम्प हाय लेव्हलवर सिग्नल आला की आपोआप चालू होतात. तसं नसेल तर रिमोट फ्यूज बॉक्समधल्या ॲक्सेसरी फ्यूजवरून घ्या, जो किल्ली काढल्यावर बंद होतो. कायम चालू फ्यूजवरून घेतला तर सकाळी गाडी ढकलावी लागेल.

कंपनीची वायर कापू नका. बहुतेक गाड्यांचं कपलर बाजारात मिळतं, मधे लावायचं आणि काम झालं. वॉरंटीचा वाद टळतो आणि उद्या गाडी विकताना सगळं जसंच्या तसं काढता येतं. सबच्या वायरीला १२ गेज भरपूर झालं.

ॲम्प पेटीवर स्क्रूने बसवू नका. दिसतं छान, पण पेटी दिवसभर थरथरते आणि ॲम्पच्या आतले टाके हळूहळू सुटतात. सीटच्या मागच्या बाजूला प्लायचा तुकडा बसवून त्यावर ॲम्प ठेवा, चारी बाजूंनी हवा फिरेल असा. वर गोधडी-पिशव्या टाकायच्या नाहीत, हे घरच्यांना सांगून ठेवा.

पहिल्यांदा चालू करताना

गेन शून्यावर. बास बूस्ट शून्यावर. सबची वायर ॲम्पमधून काढलेली. मग निगेटिव्ह बॅटरीला, आणि सगळ्यात शेवटी फ्यूज. फ्यूज घालताना बारीक ठिणगी दिसते, ती ॲम्पमधले कपॅसिटर भरताना येते, घाबरू नका. फ्यूज उडाला तर मोठा फ्यूज घालून बघू नका. कुठे तरी शॉर्ट आहे, तो शोधा.

इंजिन चालू करून बॅटरीवर व्होल्ट मोजा, मग ॲम्पच्या टर्मिनलवर मोजा. गेन लावून झाल्यावर (तो पुढे) सब जोडून मोठ्या आवाजात एकदा परत मोजा. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला, तर मीटरचा एक प्रोब ॲम्पच्या अर्थावर आणि दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा (लांब वायर लागेल). तिथे ०.१ च्या वर आकडा चढताना दिसला तर दोष अर्थच्या वायरीत, नाही तर पॉझिटिव्हच्या वाटेत. ओहममध्ये अर्थ तपासण्यापेक्षा हे खरं, कारण भार पडल्याशिवाय खराब जोड बोलत नाही.

गेन

गेन म्हणजे आवाजाची कळ नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि ॲम्पची ताकद यांची गाठ मारायची जागा. तो जास्त पिळला की लाटेचे शेंडे कापले जातात, त्याला क्लिपिंग म्हणतात, आणि सबच्या कॉइल जळतात त्या बहुतेक यानेच.

पद्धत अशी. पेन ड्राइव्हवर ५० हर्ट्झचा ० डेसिबलचा टोन घ्या, डब्ल्यूएव्ही फाइल. ब्लूटूथवरून वाजवू नका. स्टिरिओचा इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, आवाज पूर्णाच्या तीन चतुर्थांश. ॲम्पचा लो पास फिल्टर (फक्त खालचे सूर पुढे सोडणारा) तेवढ्यापुरता शेवटपर्यंत वर. सब काढलेला. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा. घरातली वीज ५० हर्ट्झचीच, त्यामुळे साधा मीटरही इथे बरोबर सांगतो.

किती व्होल्ट हवेत? वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. ५०० वॅट आणि २ ओहमला १००० चं वर्गमूळ, ३१.६ व्होल्ट. पण दाजींचा सब ४०० वॅट आरएमएसचा होता, म्हणून लहान आकडा धरायचा: ८०० चं वर्गमूळ, २८.३. गेन सावकाश फिरवत मीटरवर २८ आले की थांबा. मार्करने खूण करा. टोन बंद करा, सब जोडा. यानंतर स्टिरिओचा आवाज त्या तीन चतुर्थांशाच्या वर न्यायचा नाही. दाजींनी विचारलंच, "अजून वाढतोय की, मग का थांबलास?" मी म्हटलं, गाडीचा काटा १८० पर्यंत आहे म्हणून चोर्ला घाटात १८० ने जाता का?

मग लो पास फिल्टर ८० हर्ट्झवर आणा. दारातले स्पीकर लहान असतील तर ९०-१०० पर्यंत. बास मागून येतोय असं कळायला लागलं तर खाली आणा. पोर्टवाली पेटी असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खोल सूर अडवणारा) पोर्टच्या ट्यूनिंगच्या थोडा खाली ठेवा, नाही तर खोल सुरांना कोन मोकाट उडतो. फेजचं बटन ० आणि १८० वर करून ऐका, ड्रायव्हरच्या सीटवर बसून. ज्यात बास भरीव लागतो ते खरं. यात शास्त्र आहे, पण कान पुरतात.

बिघाड ओळखताना

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी आली की आरसीए ॲम्पमधून काढून बघा. थांबली तर आवाज आरसीएच्या वाटेने येतोय: आरसीएची जागा बदला आणि स्टिरिओचा अर्थ बघा. नाही थांबली तर ॲम्पचा अर्थ. लाल प्रोटेक्ट लाइट लागली तर सबची वायर काढा. लाइट गेली तर कॉइल किंवा वायरीत शॉर्ट, किंवा ओहम कमी. नाही गेली तर ॲम्पच. ढोल पडला की हेडलाइट मिणमिणत असेल, तर लोक वीज साठवणारा कपॅसिटर सुचवतात. मी त्याआधी जुनी बॅटरी तपासेन. इंजिन बंद ठेवून तासाभराने १२.६ व्होल्ट असतील तर ती पूर्ण भरलेली, १२.० च्या आसपास असतील तर जवळपास रिकामी. त्यानंतर अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या तीन मूळ वायरींना जोडीला जाड वायर द्या. कपॅसिटर त्यानंतरही घ्यावासा वाटला तर घ्या.

सगळं नीट आणि तरी खडखड येत असेल, तर बहुतेक वेळा मागची नंबर प्लेट. तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवा. मग डिकीच्या झाकणाला आतून थरथर दाबणारी ब्यूटाइल शीट. एवढ्याने सब नवा घेतल्यासारखा वाटतो.

आवाजाचं एक. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि ते कर्नाटकातल्या चिकोडीत तेच, महाराष्ट्रातल्या चंदगडात तेच. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. शिवजयंतीच्या चित्ररथाची गोष्ट वेगळी, दारात उभ्या गाडीची वेगळी. बारा इंची सबला ५५ ओलांडायला आवाज पावभरही लागत नाही. काचा बंद ठेवल्या तरी खालचे सूर पत्र्यातून शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत पोचतातच.

पंधरा दिवसांनी एकदा बॉनेट उघडा. अर्धा तास वाजवून झाल्यावर फ्यूज होल्डरला बोट लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर आतला स्क्रू सैल आहे. बॅटरीचं टर्मिनल, ॲम्पचे चारही स्क्रू आणि अर्थाचा बोल्ट पुन्हा एकदा आवळा. तांब्याच्या तारा दाबाखाली बसतात, पहिल्यांदा घट्ट वाटलेला स्क्रू अर्धा आटा हमखास फिरतो. दाजींचा पाऊण फिरला.